अमेरिकेतील हेम्पचा माल : केंद्राची सूट आणि राज्याचा बडगा

अमेरिकेत पेट्रोलपंप आणि रात्रभर उघडी राहणारी किराणा दुकाने चालवणाऱ्यांत आपल्या उपखंडातून गेलेले लोक पुष्कळ आहेत. अशा दुकानांत गल्ल्याजवळच्या कपाटात गेल्या काही वर्षांपासून एक नवा माल दिसू लागला आहे. चघळायच्या रंगीत गोळ्या, शीतपेयांचे डबे, ओढायच्या नळ्या, आणि वेष्टनावर लिहिलेले असते ‘हेम्प’. टेक्सासमध्ये दुकान घेऊ पाहणाऱ्या एका तरुणाने वडिलांमार्फत आमच्याकडे विचारणा केली आहे. घाऊक विक्रेता त्याला सांगतो की, हा माल केंद्राच्या कायद्यात बसतो, प्रयोगशाळेचा दाखलाही सोबत आहे. मग ठेवायला हरकत काय?

दाखला खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो.

प्रथम मालाची ओळख. हेम्प म्हणजे आपला ताग किंवा अंबाडी नव्हे. हे भांग-गांजाचेच झाड. त्यात नशा आणणारे जे द्रव्य असते त्याला टीएचसी म्हणतात. अमेरिकेच्या १९७० च्या अंमली पदार्थ कायद्याने हे सारे झाड बंदीत घातले होते. २० डिसेंबर २०१८ रोजी नवा शेतीविषयक कायदा झाला आणि ज्या झाडात सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांहून अधिक डेल्टा ९ टीएचसी नाही ते ‘हेम्प’ ठरवून बंदीतून बाहेर काढण्यात आले. हेतू शेतकऱ्याला धागा, बी, तेल यांचे पीक मिळावे हा होता.

पण व्यापारी हिशेबात पक्का. ०.३ टक्का झाडाला थोडा, पण मिठाईला फार. चार ग्रॅमची गोळी धरली तर तिचा ०.३ टक्का म्हणजे १२ मिलिग्रॅम, आणि नवख्या माणसाला तेवढ्याने चांगलीच नशा चढते. दुसरी पळवाट त्याहून मोठी. कायद्यात नाव होते ते फक्त डेल्टा ९ चे. हेम्पमधल्या सीबीडी ह्या नशा न आणणाऱ्या द्रव्यावर आम्लाची प्रक्रिया करून कारखान्यांनी डेल्टा ८ नावाचे भावंड तयार केले. २०२२ मध्ये पश्चिमेकडील राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयाने कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून असा माल बंदीत येत नाही असे म्हटले. गंमत म्हणजे तो खटला नशेबद्दल नव्हताच, एका कंपनीच्या छापाची नक्कल झाल्याबद्दल होता.

येथपर्यंत घाऊक विक्रेत्याचे म्हणणे खरे. पुढे राज्ये येतात. २०१८ च्या कायद्यानेच राज्यांना हेम्पवर अधिक कडक नियम करण्याची मुभा ठेवली आहे. आपल्या हद्दीतून जाणारा कायदेशीर माल अडवू नये, एवढीच अट राज्यांवर घातली. व्हर्जिनिया आणि आर्कान्सा या राज्यांच्या कडक कायद्यांना व्यापाऱ्यांनी आव्हान दिले, पण २०२५ मध्ये दोन्हीकडे अपील न्यायालयांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे केंद्राची सूट ही राज्यात विक्रीचा हक्क नव्हे.

मग राज्याराज्यांत काय चालले ते पाहा. मिनेसोटाने १ जुलै २०२२ पासून एका मात्रेत ५ आणि एका पाकिटात ५० मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी असलेल्या खाद्यमालाला, २१ वर्षांवरील गिऱ्हाइकासाठी, परवानगी दिली. कॅलिफोर्नियात परवाना असलेल्या दुकानात गांजा उघड विकला जातो, पण त्याच राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये तातडीचे नियम काढून हेम्पच्या खाद्यपेयांत टीएचसीचा अंशही सापडता कामा नये असे ठरवले. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये सरसकट बंदीचे विधेयक मंजूर केले, ते राज्यपालांनी २२ जूनला नाकारले आणि सप्टेंबरमध्ये २१ वर्षांखालील गिऱ्हाइकाला विक्रीबंदीचा हुकूम काढला. म्हणजे त्या तरुणाच्या कपाटातला माल एका उन्हाळ्यात बंदीच्या उंबरठ्यावर जाऊन परत आला.

आयडाहोची गोष्ट ट्रकवाल्यांनी लक्षात ठेवावी. जानेवारी २०१९ मध्ये ओरेगॉनहून कोलोरॅडोला जाणारा सुमारे तीन टन हेम्पचा ट्रक तिथल्या पोलिसांनी पकडला. चालकाकडे मालाची कागदपत्रे होती, केंद्राचा नवा कायदा महिन्यापूर्वीच झाला होता. तरी त्या गरिबावर तस्करीचा गुन्हा लागला. मालकाने केंद्राच्या कायद्याचा आधार घेतला, तेव्हा न्यायालयाने सुरुवातीलाच सांगितले की नव्या कायद्याखालचे लागवडीचे नियम अजून झालेले नाहीत, म्हणून हा माल त्या संरक्षणात येत नाही.

आता केंद्रानेही पवित्रा बदलला आहे. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सरकारी खर्चाच्या कायद्यातच हेम्पची व्याख्या फिरवण्यात आली. सर्व प्रकारचे टीएचसी एकत्र मोजायचे, कारखान्यात रूपांतर करून बनवलेला माल बाद, आणि ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी नको. अंमलासाठी एक वर्षाची मुदत ठेवली. मिनेसोटाच्या ५० मिलिग्रॅमच्या पाकिटाशी ताडून पाहा : सव्वाशे पट! काल राज्य कडक आणि केंद्र सैल होते, ह्या व्याख्येने ते उलटे होते. मुदतीची आजची स्थिती वकिलाकडून समजून घेतल्याखेरीज दुकानदाराने उधारीवर मोठा साठा भरू नये, आणि न विकलेला माल परत घेण्याची अट घाऊक विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

आपल्या माणसांना आणखी एक धोका आहे. परकीयांचा प्रवेश आणि वास्तव्य हा विषय केंद्राचा. ग्रीन कार्ड असलेल्या पण नागरिक नसलेल्या माणसाला अंमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढता येते. स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंत गांजा एकदा जवळ बाळगल्याचा अपवाद आहे, विक्रीला तो नाही. ‘राज्यात चालते’ हे उत्तर त्या अधिकाऱ्यापुढे पुरत नाही. दंड भरून दुकान पुन्हा उघडता येईल, व्हिसा पुन्हा मिळणे कठीण.

नशेच्या मालाची तिजारत जायज की नाजायज, हे त्या तरुणाने उलेमांना विचारावे. येथे फक्त सरकारी कायदा सांगितला आहे.

सुट्टीत घरी येणाऱ्यांनी ह्या गोळ्या भेट म्हणूनही बॅगेत टाकू नयेत. आपल्याकडील १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या यादीत टीएचसीचे नाव आहे, आणि अमेरिकेतली ०.३ टक्क्यांची सूट मुंबईच्या विमानतळावर कोणी मानत नाही.