निजामाचे कपाट, दादीची पेटी

हैदराबादच्या पुरानी हवेलीत एक कपाट आहे. कपाट म्हणायचे एवढेच, खरे तर ते शंभर फुटांहून लांब असे दुमजली दालन आहे. दोन्ही बाजूंना सागवानी कपाटांच्या रांगा, आणि वरच्या मजल्यासाठी हाताने चालवायची लाकडी लिफ्ट. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे कपडे इथे राहत. 1869 ते 1911 ही त्यांची कारकीर्द. एकदा अंगावर चढलेला पोशाख ते पुन्हा घालत नसत, असे हैदराबादेत आजही सांगतात.

याच हवेलीत 2000 सालापासून निजाम संग्रहालय आहे. चारमिनार आणि लाड बाजार करून परतणारी आपली कुटुंबे इकडे क्वचितच वळतात. वळायला हवे. आपला मराठवाडा 1948 पर्यंत त्याच संस्थानात होता, म्हणजे हा आपल्याही घराचा इतिहास आहे.

आमच्या शाळेची सहल तिथे गेली तेव्हा कपाटासमोर एका मुलीने विचारले, “मॅडम, एवढे कपडे धुवायचे कोण?” सगळ्या हसल्या. तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलीने हळूच विचारले, “आणि शिवायचे कोण?” तिची अम्मी घरी मशीन चालवते. या वेळी कोणी हसले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर संग्रहालयात सहसा मिळत नाही. पाटीवर घालणाऱ्याचे नाव असते. विणणाऱ्याचे, रंगवणाऱ्याचे, शिवणाऱ्याचे नसते. पण कापड स्वतः बोलते. औरंगाबादचा हिमरू घ्या. सूत आणि रेशीम यांचे हे नक्षीदार विणकाम महागड्या किनखाबाला जोड म्हणून पुढे आले. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा हे कारागीर इकडे आले, अशी परंपरा आहे. हिमरूच्या शेरवान्या आणि शाली निजामाच्या काळात मानाच्या होत्या. आज हातमागावर हिमरू विणणारी घरे फार थोडी उरली आहेत.

दुसरे कापड मशरू. पुरुषांना रेशीम मना आहे, हे आपण जाणतो. विणकरांनी त्यावर तोड काढली : ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी की रेशमाची झळाळी वर दिसावी आणि अंगाला सूत लागावे. म्हणूनच नाव पडले मशरू, म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. धर्म, हौस आणि हातातले हुनर एकाच धाग्यात कसे बसते, हे मुलांना समजावायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता या कपाटाची दुसरी बाजू. महबूब अली खानांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांना 1937 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. पण ते साध्या, जुन्या कपड्यांत वावरत आणि तीच टोपी वर्षानुवर्षे वापरत. वडिलांच्या जोड्याच्या टोकात त्यांना प्रसिद्ध जेकब हिरा सापडला आणि त्यांनी तो कागदावर वजन म्हणून ठेवला, असा किस्सा सांगतात. बापलेकांपैकी कोणाचे बरोबर, यावर आमच्या मुलींनी परतीच्या बसमध्ये तासभर वाद घातला. कंजूषी आणि सादगी यांत फरक आहे, असे एकीने ठासून सांगितले. मला ते पटले.

हा वाद आपल्या घरांतही व्हायला हवा. लग्नसराईत मेहंदीचा जोडा वेगळा, निकाहचा वेगळा, वलीम्याचा वेगळा. फोटोत एकदा आलेला जोडा दुसऱ्या लग्नात चालत नाही. कर्ज काढून घेतलेला शरारा एक संध्याकाळ मिरवतो आणि मग पिशवीत जातो. महबूब अली खानांची सवय आपल्या घरात आली आहे, खजिना मात्र आलेला नाही. कुरआनने इस्राफपासून रोखले आहे आणि तक्व्याचा लिबास सर्वांत उत्तम सांगितला आहे. नीटनेटके, सुंदर कपडे घालायला कोणाची मनाई नाही. प्रश्न एवढाच आहे, की तो जोडा आपण किती वेळा घालणार आणि शिवणाऱ्या बाईला मजुरी किती देणार?

प्रत्येक घरात एक छोटे संग्रहालय असतेच. दादी-नानीची पेटी उघडा. जरीचा दुपट्टा, जुनी शेरवानी, हाताने टाके घातलेला कुर्ता, काहीतरी निघेल. ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरते. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. वर्षातून दोनदा काढून सावलीत हवा द्या आणि घडी दुसऱ्या जागी घाला, नाहीतर जुन्या घडीवरच कापड विरते. जरीवर आणि रेशमावर अत्तर लावू नका.

आणि एक काम मुलांना द्या. एका चिठ्ठीवर लिहायला लावा : हे कोणाचे, कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी घातले आणि शिवले कोणी. घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवते आहे तोवर लिहून घ्या. शिवणारीचे नाव त्या चिठ्ठीत सर्वांत वर येऊ द्या.