टॅरोचा एक पत्ता : ‘हो’ की ‘नाही’?

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचा एक अगदी सुटसुटीत प्रकार आहे. मनात प्रश्न धरायचा, पत्ते पिसायचे आणि एकच पत्ता ओढायचा. सुलटा आला तर ‘हो’, उलटा आला तर ‘नाही’. कोकणात देवाला लावलेला कौल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. नोकरी मिळेल का, अकरावीला विज्ञान शाखा घ्यावी का, असे प्रश्नही या पत्त्यांना विचारले जातात. तेव्हा त्यामागचे गणित आपण मांडून पाहू.

मुळात टॅरो हा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो जन्मला. पेले, तलवारी, नाणी आणि दंड अशा चार गटांचे ५६ पत्ते, शिवाय २१ हुकूम आणि एक विदूषक, असे एकूण ७८. (फ्रान्समध्ये हा खेळ आजही रंगतो.) हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान, असा दावा कूर द जेबलाँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये केला. इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियाँने उलगडली ती मात्र १८२२ मध्ये. म्हणजे दावा झाला तेव्हा ती लिपी कोणालाच वाचता येत नव्हती!

काही जण उलट-सुलट न पाहता चित्रावरून उत्तर देतात. ‘सूर्य’ म्हणजे हो, ‘मनोरा’ म्हणजे नाही, ‘टांगलेला माणूस’ म्हणजे थांबा. खरी गंमत इथेच आहे. समजा, नोकरीच्या प्रश्नाला ‘मृत्यू’ हा पत्ता आला. नोकरी मिळाली नाही, तर अर्थ सरळच आहे. पण मिळाली तर? जुने संपून नवे सुरू होणे, असाही या पत्त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे बेकारी संपली! पेपर सुटल्यावर उत्तरपत्रिका लिहायला मिळाली, तर नापास कोण होईल?

म्हणून वर्गात प्रयोग करताना अर्थ आधीच ठरवावा. त्यासाठी टॅरो लागत नाही, साधे ५२ पत्ते पुरेत. लाल म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ज्यांची उत्तरे नक्की कळतील असे दहा प्रश्न प्रत्येकाने वहीत लिहावेत. प्रत्येक प्रश्नासाठी पत्ता ओढून उत्तर नोंदवावे, पत्ता परत ठेवून पुन्हा पिसावे.

प्रश्न कोणताही असो, पत्ता बरोबर ठरण्याची शक्यता निम्मीच. दहापैकी सरासरी पाच उत्तरे जुळतील. पण सर्वांची पाचच जुळतील असे नाही. दहा उत्तरांच्या बरोबर-चूक अशा एकूण १०२४ मांडण्या होतात. त्यांपैकी ५६ मांडण्यांत आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर असतात (४५ + १० + १). चाळीस जणांच्या वर्गात असे साधारण दोघे निघतील. वर्ग त्यांच्याकडे कौतुकाने पाहील. बाकीच्या अडतीस वह्या कोणी उघडणार नाही. त्या दोघांना पुन्हा दहा प्रश्न द्यावेत.

आता पुण्यात फेब्रुवारीत विचारू, ‘उद्या पाऊस पडेल का?’ पत्ता न ओढता ‘नाही’ म्हणणारा बहुतेक वेळा बरोबर ठरेल. पत्ता मात्र निम्म्या वेळा चुकेल, कारण त्याला ऋतू ठाऊक नाही.

दोनच उत्तरांची अशी एक चाचणी २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषांसाठी घेतली होती. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे होते. प्रत्येकी ४० कुंडल्या तपासणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी आली ४६ टक्के.

विज्ञान शाखेचा प्रश्न मात्र असा तपासता येत नाही, कारण न घेतलेल्या शाखेत काय झाले असते ते कोणालाच दिसत नाही. ‘नाही’ आल्यावर एखाद्याचा चेहरा उतरतो आणि आपल्याला विज्ञानच हवे होते हे त्याला तेव्हा उमगते, एवढे घडू शकते. पण त्यासाठी ७८ पत्ते कशाला, खिशातला रुपया उडवला तरी चालेल.