कथेचे ऋण आणि चित्रपटाचे स्वातंत्र्य : ‘गुपी गाइन बाघा बाइन’

एखाद्या मान्यता पावलेल्या बालकथेवरून चित्रपट निघाला की समीक्षक बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो, की मूळ कथेशी त्याने इमान राखले आहे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु इमान राखावयाचे ते कशाशी, हे आधी ठरविल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. घटनांच्या क्रमाशी, पात्रांच्या संख्येशी, की आणखी कशाशी? अनुवादकाला हा प्रश्न प्रत्येक पानावर भेटतो; चित्रपटकर्त्याला तो अधिक मोठ्या प्रमाणावर भेटतो, एवढेच. बंगालीतील ‘गुपी गाइन बाघा बाइन’ या चित्रपटाच्या आधारे त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी 1913 साली ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले आणि 1915 साली त्यातून, स्वतः काढलेल्या चित्रांसह, गुपी व बाघा यांची कथा प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते निवर्तले. मासिकाची धुरा त्यांचे पुत्र सुकुमार यांनी वाहिली. तेही 1923 साली गेले. नातू सत्यजित यांचा जन्म 1921 चा, म्हणजे आजोबांची भेट त्यांना घडली ती केवळ छापील पानांतून. बंद पडलेले ‘संदेश’ त्यांनी 1961 साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या सहकार्याने पुन्हा सुरू केले. आपल्या पित्याने मुलांसाठीही एखादा चित्रपट काढावा, असा पुत्र संदीप याचा हट्ट होता. त्यातून हा चित्रपट निर्माण झाला. 1968 च्या सर्वोत्कृष्ट कथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला आणि मे 1969 मध्ये तो कलकत्त्यात प्रदर्शित झाला. अशा रीतीने एका घराण्यातील चार पिढ्या या कथेभोवती गुंफल्या गेल्या आहेत.

मूळ कथा छोटी आहे. निवेदक समोर बसलेल्या मुलांशी थेट बोलू लागतो आणि गाणे या विषयावरून सहजच गुपीकडे वळतो. गुपीला गाणे येते ते एकच. त्याचे आडनाव काइन. परंतु गावात दुसरा गाणारा नसल्यामुळे लोक त्याला ‘गाइन’, म्हणजे गवई, म्हणू लागतात. ढोल बडविणारा बाघा हा पाइन घराण्यातला. तो ‘बाइन’, म्हणजे वाजविणारा, होतो. एकेका व्यंजनाच्या फेरफाराने सामान्य आडनावाची पदवी होते आणि त्या पदवीत थट्टा व कौतुक दोन्ही मिसळलेली राहतात. प्रस्तुत लेखकाने ही कथा मराठीत आणण्याचा प्रयत्न केला तेव्हा पहिली अडचण शीर्षकापाशीच उभी राहिली. गवई आणि ढोले ही दोन्ही आडनावे मराठीत आहेत. त्यांतून गाणे आणि ढोल ऐकूही येतात. पण त्यांची जोडी जुळवली की बंगाली नावांतला नाद हरपतो, आणि नाद गेला की मुलांच्या तोंडी नाव बसत नाही.

चित्रपटाने ही नावे ठेवली. नायकांची दैन्यावस्था ठेवली. दोघांच्या बेसूर उत्साहाला कंटाळून त्यांना गावाबाहेर घालविणे ठेवले. आणि अरण्यात भुतांकडून मिळणारे वरदान ठेवले. चित्रपटातील भुतांचा राजा तीन वर देतो. एकमेकांच्या हातावर टाळी दिली की हवे ते अन्नवस्त्र मिळावे. भुतांनी दिलेले जोडे घालून टाळी दिली की हव्या त्या ठिकाणी पोहोचता यावे. आणि दोघांनी गायन-वादन केले की ऐकणाऱ्याने जागच्या जागी खिळून राहावे. या मागण्या लक्षपूर्वक पाहाव्यात. त्यांत राज्य नाही, सुवर्ण नाही, शत्रूला मारणारे शस्त्र नाही. पोटभर जेवण, भटकंती आणि आपले गाणे कोणी तरी ऐकणे, एवढ्यावर ही माणसे संतुष्ट आहेत. लहान मुलाच्या किंवा भुकेल्या कलावंताच्या इच्छा याहून फारशा निराळ्या नसतात.

याउलट, राय यांनी भर घातली ती विपुल आहे. मृदंगम्, घटम्, खंजिरी आणि मोरचंग या दाक्षिणात्य वाद्यांच्या तालावर चालणारे भुतांचे दीर्घ नृत्य ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध भर होय. राजे, सामान्य जन, साहेब आणि सुखवस्तू स्थूल माणसे असे भुतांचे चार वर्ग त्यात नाचतात व अखेर प्रत्येक वर्ग आपापसांत झुंजतो. पुढे शुंडी आणि हल्ला ही दोन राज्ये येतात. शुंडीची प्रजा मुकी आहे; तेथे सैन्य नाही. हल्ल्याचा राजा स्वभावतः सौम्य, परंतु मंत्री जादूगाराच्या औषधाने त्याला क्रूर बनवितो व युद्धाचा घाट घालतो. दोन्ही राजे जुळे भाऊ आहेत आणि संतोष दत्त यांनी दोघांच्याही भूमिका केल्या आहेत. हल्ल्याच्या सैनिकांना धड अन्न मिळत नाही; ते उपाशी पोटी उंटांवर बसून लढाईला निघतात.

इतकी भर घातल्यावर मूळ कथेशी नाते उरले कोठे, असा आक्षेप येऊ शकेल. त्याचे उत्तर युद्धाच्या प्रसंगातच आहे. गुपी-बाघा गाऊ लागतात आणि निघालेले सैन्य खिळून उभे राहते; हा एक वर झाला. परंतु गाण्याने सैन्य केवळ थांबते. ते मोडत नाही. गाणे संपले की उंट पुन्हा चालू लागणारच. म्हणून दोघे टाळी देऊन मिठाईची मडकी मागवितात. ती आकाशातून उतरतात आणि उपाशी सैनिक शस्त्रे टाकून त्यांकडे धावतात. हा दुसरा वर. त्या गोंधळात हल्ल्याच्या राजाला कवेत घेऊन दोघे शुंडीला पोहोचतात. हा तिसरा. युद्ध टळते ते या तीन वरांनी, चौथ्या कशानेही नव्हे. राय यांनी प्रसंग नवे रचले, पण त्यांतला पेच सोडविताना वरांनी आखलेली मर्यादा त्यांनी ओलांडली नाही. अद्भुतकथेतील जगाचा जो कायदा असतो त्याच्याशी राखलेले हे इमान आहे, आणि मुलेदेखील कथाकाराला जाब विचारतात तो याच कायद्याच्या आधारे.

त्या मिठाईला प्रेक्षकांच्या लेखी आणखीही अर्थ असला पाहिजे. पश्चिम बंगालमध्ये 1966 साली अन्नटंचाईविरुद्ध मोठे आंदोलन झाले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी पडद्यावर उपाशी शिपाई मडक्यांकडे धावताना दिसले, तेव्हा मुलांबरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांना ते दृश्य केवळ गमतीचे वाटले नसेल. तरीही चित्रपट कोठेही थांबून उपदेश करीत नाही.

दोष नाहीत असे नाही. मध्यंतरीचा काही भाग रेंगाळतो. शिवाय या विस्तृत जगात स्त्रिया जवळजवळ नाहीतच. अखेरीस दोन राजकन्या येतात त्या नायकांना बक्षीस म्हणून. इतके नवे घालणाऱ्या दिग्दर्शकाने या बाबतीत जुनी चौकट तशीच राहू दिली, याची नोंद केली पाहिजे. द्रव्याभावी संपूर्ण चित्रपट रंगीत करता आला नाही, केवळ शेवट रंगीत झाला. मात्र ही उणीव सुखान्ताला उपकारकच ठरली.

या कथेचा प्रवास पुढेही चालू राहिला. राय यांनी 1980 साली ‘हीरक राजार देशे’ काढला. त्याचे दिग्दर्शन संदीप राय यांनी तिसऱ्या भागात पुढे नेले. आणि 2013 साली शिल्पा रानडे यांनी मूळ कथेवर हिंदीत सचेतपट केला. प्रत्येकाने काही वगळले, काही घातले.

आपल्याकडे बालवाङ्मयाचा अनुवाद करताना दोन मोह होतात. एक, परक्या गोष्टीला तात्पर्य जोडण्याचा. दुसरा, भुतांसारख्या गोष्टींचे स्पष्टीकरण देण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या मसुद्यात हे दोन्ही घडले होते, आणि शब्दशः अनुवाद असूनही तो मसुदा निर्जीव होता. चित्रपट पुन्हा पाहिल्यावर ती वाक्ये काढून टाकली. शीर्षकातील बंगाली नावेही तशीच ठेवली. ‘गाइन’ म्हणजे काय, हे निवेदकाच्या तोंडून पहिल्याच परिच्छेदात मुलांना कळते. भुते भुतेच राहिली आणि त्यांनी जे दिले त्यावर कोणतीही टीप लिहिली नाही.