ॲनाफिलॅक्सिस
ॲनाफिलॅक्सिस ही काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकणारी तीव्र ॲलर्जी होय. शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी १९०२ साली ही संज्ञा योजली. शेंगदाणे, कोळंबी, पेनिसिलिन, मधमाशीचा दंश ही तिची काही परिचित कारणे. अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात. मात्र त्वचेवर काहीही न दिसता घसा आवळणे, धाप लागणे वा भोवळ येणेही संभवते, आणि तेथेच निदान चुकते. ॲड्रेनॅलिन हेच मुख्य औषध. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत विनाविलंब टोचावे लागते. केवळ ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, धाप असल्यास बसू द्यावे. परंतु उभे करू नये, कारण त्यामुळे रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. बरे वाटल्यावरही काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून रुग्णालयात देखरेख आवश्यक असते.