लांबलेला शरद

उत्तरेकडील थंड देशांतील लोकांनीं शरद ऋतूच्या अखेरीस येणाऱ्या उबेला जितकीं नांवें दिलीं आहेत, तितकीं खऱ्या उन्हाळ्यालाहि क्वचितच दिलीं असतील. अमेरिकेंत तिला 'इंडियन समर' म्हणतात. यांतील 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे. तेथील मूळ रहिवाशांना युरोपियनांनीं दिलेलें जें चुकीचें नांव, तेंच येथें आलें आहे. रशियांत हिला 'बायकांचा उन्हाळा' म्हणतात, तर जर्मनींत 'म्हाताऱ्या बायांचा उन्हाळा'. हवेंत तरंगणाऱ्या कोळ्यांच्या रुपेरी तंतूंशीं या जर्मन नांवाचा संबंध जोडतात. स्वीडनमध्यें ती संत बिर्गिटाच्या नांवावर आहे, इंग्लंडांत संत ल्यूकच्या, आणि फ्रान्स व इटलींत संत मार्टिनच्या. स्वतःचा झगा तलवारीनें दुभागून अर्धा कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला देणारा शिपाई, तो हा मार्टिन.

या तारखा नकाशावर मांडून पाहिल्या, तर एक गोष्ट सहज लक्षांत येते. रशियांतील बायकांचा उन्हाळा बहुधा सप्टेंबरांतच उरकतो. स्वीडनची तारीख ७ ऑक्टोबर, इंग्लंडची १८ ऑक्टोबर, फ्रान्स व इटलीची ११ नोव्हेंबर. खंडाच्या पोटांतून समुद्राकडे आणि दक्षिणेकडे सरकत जावें, तसतशी तारीख पुढें जाते. चुलीवरून उतरलेला तवा लवकर निवतो, पण पाण्याचा हंडा बराच वेळ कोमट राहातो. जमीन तव्यासारखी आहे आणि समुद्र हंड्यासारखा. शास्त्रज्ञांनीं वायुभारमापक यंत्र बनविण्यापूर्वींच शेतकऱ्यांनीं हा भेद सणवारांच्या यादींत नोंदवून ठेवला होता.

परंतु हे झाले चार-आठ दिवसांचे पाहुणे, येणार हें ठाऊक असलेले. अलीकडे जी ऊब आठवडेच्या आठवडे मुक्काम करते, ती निराळी. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आतां लंडन, टोरांटो किंवा स्टॉकहोम येथें आहेत. "नोव्हेंबर निम्मा झाला तरी जाड कोट काढावा लागला नाहीं," असें तीं फोनवर सांगतात, आणि आपण "बरें झालें" म्हणून मोकळे होतों. तें बरें झालें कीं नाहीं, हें ती ऊब कोठून आली यावर अवलंबून असतें.

प्रथम मोजमाप ठरविलें पाहिजे. नॉर्वेंतील बर्गेन आणि सैबेरियांतील याकुत्स्क हीं गांवें जवळजवळ एकाच अक्षांशावर, म्हणजे ६० आणि ६२ अंशांवर आहेत. बर्गेनचें नोव्हेंबरचें सरासरी तपमान शून्यावर सुमारें ५ अंश सेल्सियस, तर याकुत्स्कचें शून्याखालीं २५ अंशांहूनहि अधिक. याकुत्स्कला १० अंशांची सूट मिळाली, तरी श्वास गोठतोच. म्हणून तुलना गांवागांवांची न करतां प्रत्येक गांवाची त्याच्या स्वतःच्या तीस वर्षांच्या सरासरीशीं करतात. सध्यां त्यासाठीं १९९१ ते २०२० हा काळ घेतात. स्वीडनच्या वेधशाळेनें तर ऋतु पंचांगांतून काढूनच टाकले आहेत. दिवसरात्रीचें सरासरी तपमान सलग पांच दिवस शून्य अंशावर किंवा त्याखालीं राहिलें, म्हणजे हिवाळा आला. तोंपर्यंत शरदच चालूं. मला ही व्याख्या फार पसंत आहे. तीन-तीन महिन्यांची सारखी वांटणी करणारीं शाळेचीं पुस्तकें मीं जन्मभर शिकविलीं, पण निसर्ग अशी वांटणी मानीत नाहीं. स्वीडनच्या दक्षिण टोकाला एखाद्या वर्षीं, या हिशेबानें, हिवाळा येतच नाहीं.

आतां उबेच्या उगमाकडे वळूं. पहिली ऊब स्थिर हवेची. एखाद्या प्रदेशावर जड वायुभार ठाण मांडून बसतो, आकाश निवळतें, वारा पडतो, दुपार सुखाची होते. पण त्याच निरभ्र आकाशांतून रात्रीं उष्णता निघून जाते. पाऊस संपल्यावर आपल्याकडे आश्विनांत जें ऊन तापतें, त्यामागेंहि निरभ्र आकाशच असतें. मात्र आपला सूर्य तेव्हांहि बराच उंच असतो. उत्तरेचा सूर्य नोव्हेंबरांत क्षितिजाशीं लोळत असतो, म्हणून तेथें असल्या स्वच्छ हवेंतून धुकेंहि निपजतें. १ नोव्हेंबर २०१५ रोजीं वेल्समधील ट्रॉसकोड येथें २२.४ अंश तपमान झालें. ब्रिटनमध्यें नोव्हेंबरांत इतकें पूर्वीं कधीं नोंदलें गेलें नव्हतें. त्याच सुमारास लंडनचे विमानतळ दाट धुक्यांत अडकून पडले होते. एकाच वायुभाराच्या छत्राखालीं एकीकडे उन्हाळा आणि दुसरीकडे अंधार!

दुसरी ऊब समुद्राची. नैऋत्येचा वारा अटलांटिकवरील उष्णता आणि बाष्प दोन्ही घेऊन येतो. ही ऊब दिवसापेक्षां रात्रीं अधिक जाणवते, कारण ढगांची गोधडी उष्णता सोडीत नाहीं. डिसेंबर २०१५ हें तिचें ठळक उदाहरण. मध्य इंग्लंडच्या तपमानाची मासिक नोंद १६५९ पासून उपलब्ध आहे. गॉर्डन मॅन्ली या भूगोलज्ञानें ती परिश्रमपूर्वक जुळविली. या साऱ्या काळांत डिसेंबरचा उच्चांक ८.१ अंश होता. २०१५ सालीं तो एकदम ९.७ वर गेला. पण त्याच वाऱ्यानें ५ डिसेंबरच्या सुमारास कंब्रिया परगण्यांतील होनिस्टर खिंडींत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पाडला. आपल्या घाटमाथ्याला हा आकडा नवलाचा नाहीं. परंतु तेथील पूल आणि घरें असल्या पावसाच्या हिशेबानें बांधलेलीं नव्हतीं. कोट न घालतां फिरण्याची किंमत त्या परगण्यानें पुरांत मोजली.

तिसरी ऊब डोंगराची. ओली हवा डोंगर चढतांना पाऊस टाकते, आणि पलीकडे उतरतांना दर शंभर मीटरला सुमारें एक अंश तापत कोरडी होऊन येते. आल्प्समध्यें या वाऱ्याला फॉन म्हणतात, कॅनडांत चिनूक. तो येतो आणि जातो. त्यावर अधिक बोलण्याचें कारण नाहीं.

एक उबदार नोव्हेंबर आला, म्हणजे पृथ्वी तापली, असें अनुमान घाईचें होय. मॅन्लीच्या मालिकेंत १८१८ चा नोव्हेंबर ९.५ अंशांचा आहे. त्या काळीं मोटार नव्हती आणि कोळशाचीं यंत्रेंहि थोडीं होतीं. उलट, २०२३ चा नोव्हेंबर साऱ्या पृथ्वीचा विचार करतां तोंपर्यंतचा सर्वांत उष्ण ठरला, पण त्याच महिन्यांत नॉर्वे, स्वीडन व फिनलंड सरासरीहून अधिक थंडीनें गारठले होते. एका खिडकींतून पाहाणाऱ्याला दोन्ही वेळां चुकीचेंच उत्तर मिळालें असतें. अनेक प्रदेशांची आणि अनेक वर्षांची बेरीज घ्यावी लागते, आणि ती बेरीज निश्चितपणें उबेकडे झुकत आहे.

याचें कारण शोधूं लागलों, कीं आपण चौथ्या उबेपाशीं पोंचतों. ती नाहींशा झालेल्या बर्फाची. कर्बवायूच्या वाढत्या आवरणामुळें पृथ्वी तापत असून, उत्तर ध्रुवसमुद्रावरील बर्फ उन्हाळ्याच्या अखेरीस पूर्वींपेक्षां फार कमी उरतो. उघड्या पाण्यानें सांठविलेली उष्णता तें शरदांत हवेला परत देतें. नोव्हेंबर २०१६ मध्यें ध्रुवाभोंवतीं कांहीं दिवस तपमान सरासरीहून सुमारें २० अंशांनीं वर होतें. ज्या महिन्यांत बर्फ झपाट्यानें पसरावयाचा, त्या महिन्यांत तो थोडे दिवस चक्क आकसला. त्याच वेळीं सैबेरियांत मात्र कडाक्याची थंडी पडली होती. त्या शरदांत स्वालबार्ड बेटावरील जागतिक बीज-भांडाराच्या प्रवेश-बोगद्यांत पाणी शिरलें. बियाणें आंत खोल होतें, तें वांचलें. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनें पाठविलेलें ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा यांचें बियाणेंहि तेथें ठेवलेलें आहे, तेव्हां ही बातमी आपल्याला अगदींच परकी नाहीं.

पण या चौथ्या उबेचा खरा घाव बसला तो मुक्या जनावरांवर. सैबेरियाच्या वायव्येस यामाल नांवाचा द्वीपकल्प आहे. तेथील नेनेत्स लोक रेनडिअरांचे कळप घेऊन फिरतात. भुसभुशीत हिमाखालीं दगडफूल आणि गवत असतें, तें हीं जनावरें खुरांनीं उकरून खातात. कोरडी थंडी कितीहि पडो, तिचें त्यांना भय नाहीं. नोव्हेंबर २०१३ मध्यें तेथें हिम पडण्याऐवजीं पाऊस पडला. नंतर तपमान शून्याखालीं ४० अंशांपर्यंत घसरलें, आणि भिजलेल्या हिमाचें एक अखंड कवच बनलें. खुरानें तें फुटेना. चारा दोन वितींवर असून जनावरें उपाशी मरूं लागलीं. त्या एका हंगामांत ६१,००० रेनडिअर गेलीं. २००६ च्या नोव्हेंबरांतहि असाच पाऊस होऊन सुमारें २०,००० मेलीं होतीं. शेजारच्या बॅरेंट्स व कारा या समुद्रांवर त्या वेळीं बर्फ थोडा होता, आणि बाष्प तेथूनच आलें, असा या आपत्तीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

ज्यांचे कळप गेले, त्या कुटुंबांना मासेमारीवर गुजराण करावी लागली. दुसऱ्यांकडून पैदाशीसाठीं जनावरें उसनीं आणून कळप पुन्हां उभा करावयाचा, तर त्याला वर्षानुवर्षें लागतात; आणि प्रत्येक नोव्हेंबरांत, हिम पडतें कीं पाऊस, इकडे त्यांचे डोळे लागलेले असतात.