हिरवं म्हणजे शाकाहारी नव्हे!



आई आंग मो किओला आली होती. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून हॉकर सेंटरमध्ये तिला साधी कांगकोंगची पालेभाजी घेऊन दिली. तिने आवडीने खाल्ली. मग कळलं, त्यातल्या सांबालमध्ये बेलाचान होतं, म्हणजे आंबवलेला जवळा! घाबरत घाबरत सांगितलं. म्हणाली, "अजाणता झालं रे. पुढच्या वेळी विचारत जा."

तेव्हा आधी विचारा! सांबाल आणि लाक्सात बहुधा जवळा-कोळंबी, काया टोस्टात अंडं. दूधही सोडलं असेल, तर साध्या कोपीत कंडेन्स्ड मिल्क असतं. 'तेह-ओ कोसोंग' मागा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉलवर बहुधा कांदा-लसूणही नसतो. चातुर्मासवाल्यांची आयती सोय! :-)