मुंबईचे बंद पूल व आपला माल

शेताच्या बांधावरची वाट अडली म्हणजे काय हाल होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खालीं वाटेसाठीं आलेले किती अर्ज आम्हीं हाताळले, याची गणती नाहीं. पण मुंबईंत एक पूल बंद झाला म्हणजे खेड्यांतल्या बागाइतदारास त्याची झळ कशी लागते, हें आम्हांस 2023 सालच्या मे महिन्यांत प्रथम उमगलें.

त्या वर्षीं आमच्या बागेंतील हापूसच्या साठ पेट्या अंधेरी पश्चिमेच्या गिऱ्हाइकांस परभारें पोंचविण्याचें ठरलें. दलाली वांचेल, हा हिशेब. आमचा टेंपो वाशीची खाडी ओलांडून सकाळीं अंधेरी पूर्वेस पोंचला. पलीकडचें ठिकाण हांकेच्या अंतरावर. पण मध्यें रेल्वेचे रूळ, आणि त्यांवरचा गोखले पूल बंद! याची खबर ना आम्हांस, ना गाडीवानास. विलेपार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलाकडे वळलों, तर ज्यांची ज्यांची वाट अडली ते सारेच तेथें लोटलेले. दोन कोसांच्या आंतील मार्गास साडेतीन तास लागले. ताडपत्रीखालीं पेट्या तापल्या, पिकत आलेलीं फळें मऊ पडलीं, आणि अकरा पेट्या गिऱ्हाइकांनीं नाकारल्या. दलालीची बचत तेथेंच जिरली.

याचें मूळ शहराच्या ठेवणींत आहे. मुंबई मूळचीं सात बेटें. भर घालून तीं एक केलीं. शहर दक्षिणोत्तर लांब व पूर्वपश्चिम अरुंद, आणि रेल्वेचे मार्ग लांबीनें धावतात. म्हणून पूर्वेकडून पश्चिमेस जावयाचें तर पूल किंवा भुयारी वाट हाच उपाय, व त्या मोजक्याच. अंधेरीची भुयारी वाट तर मोठ्या पावसांत पाण्यानें भरून बंद पडते.

पुलांपैकीं पुष्कळ इंग्रजी अमदानींतले. 1868 सालचा कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्यें पाडला. त्याच्या जागीं नवा पूल जुलै 2025 मध्यें खुला झाला. 1912 सालचा शीवचा पूल 1 ऑगस्ट 2024 पासून, व एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्यें वाहतुकीस बंद झाला. गोखले पुलाचा पादचारी भाग 3 जुलै 2018 रोजीं रुळांवर कोसळला होता. संपूर्ण पूल नोव्हेंबर 2022 मध्यें बंद झाला. 26 फेब्रुवारी 2024 रोजीं नवी एक बाजू उघडली, तों शेजारच्या बर्फीवाला पुलाशीं तिची उंचीच जुळेना! संपूर्ण पूल खुला होण्यास मे 2025 उजाडला.

जीर्ण पूल पाडूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. मनुष्याचा जीव आंब्याहून मोलाचा. परंतु जुनी विहीर बुजविण्यापूर्वीं नवीस पाणी लागलें कीं नाहीं, हें साधा शेतकरीही पाहतो. तेवढा विचार नगररचनाकारांनीं करावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

तोंपर्यंत आपण आपली काळजी घ्यावी. माल भरण्यापूर्वीं वाहतूक पोलिसांच्या अधिसूचना पाहाव्या. गर्दीच्या वेळीं अवजड वाहनांस शहरांत मनाई असते, व अनंत चतुर्दशीस अनेक रस्ते बंद राहतात. कोणता पूल चालू आहे, हें गिऱ्हाइकासच आदल्या रात्रीं विचारावें. दक्षिण मुंबईस जाणाऱ्यांस 12 जानेवारी 2024 रोजीं झालेला, सुमारें 21.8 किलोमीटरांचा अटल सेतु सोयीचा आहे. मात्र त्यावर तीनचाकी वाहन व ट्रॅक्टर यांस मज्जाव आहे, आणि पथकराचा खर्च भावांत धरावा लागतो. सर्वांत मुख्य म्हणजे, दूरच्या गिऱ्हाइकास पिकलेलें फळ न धाडतां देठासह काढलेलें तयार फळ धाडावें, म्हणजे वाटेंत खोळंबा झाला तरी तें टिकून राहतें.

पुढल्या हंगामांत आम्हीं असेंच केलें, व एकही पेटी परत आली नाहीं. अकरा पेट्यांचें मोल देऊन आम्ही शिकलों. वाचकांनीं तें फुकट शिकावें, एवढ्यासाठींच हा लेख.